जी इमेज तपासली, तीच चालली पाहिजे

१ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरांवर नवा कोड असायला हवा होता. प्रत्यक्षात तो सातांवरच होता. आदल्या दिवसांत एका तंत्रज्ञाने तो कोड सर्व्हरांवर चढवला होता. त्यात आठवा सर्व्हर राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी ते काम पडताळून पाहावं अशी पद्धतच कंपनीत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून बंद असलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या सुविधेसाठी जो फ्लॅग (सुविधा चालू-बंद करणारी खूण) निवडला होता, तोच फ्लॅग पूर्वी पॉवर पेग चालू करायला वापरला जायचा. बाजार उघडला, फ्लॅग लागलेल्या ऑर्डरी आठव्या सर्व्हरवर पोचल्या आणि तो न थांबता शेअर घेत-विकत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

मला या हकिकतीतला त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गडबड लक्षात आल्यावर टीमने नवा कोड सदोष असावा असं धरून तो उरलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकला. म्हणजे जे सर्व्हर बरोबर चालले होते, त्यांच्यावरही जुना कोड आला. फ्लॅग लागलेल्या ऑर्डरी येतच होत्या, त्यामुळे एका सर्व्हरवरचा गोंधळ आठही सर्व्हरांवर पसरला. मागे येण्याच्या प्रयत्नाने नुकसान वाढलं.

तेव्हा डॉकर, म्हणजे ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासह कंटेनरमध्ये चालवायचं साधन, आलेलं नव्हतं. ते जगासमोर आलं मार्च २०१३ मध्ये. आता कंटेनर आहेत, त्यामुळे असं काही होणार नाही असं वाटू शकतं. पण कंटेनर वापरणाऱ्या कितीतरी पाइपलाइनमध्ये तेच दोन प्रश्न जसेच्या तसे शिल्लक असतात. या क्षणी प्रत्येक ठिकाणी नेमका कुठला कोड चालू आहे? आणि बिघडलं तर मागे कसं यायचं? पाइपलाइन सुधारायची तर आधी या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की करावीत, असं माझं ठाम मत आहे. वेग त्याच्या मागोमाग येतो.

पाइपलाइन, इमेज, कंटेनर

समजा, तुमच्या टीमचं एक वेब ॲप आहे. जँगोमध्ये लिहिलेलं, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, चालतं कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर. डेव्हलपर कोड लिहून पुश करतो, सहकारी रिव्ह्यू करतो, मग कोड मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होतो. तिथून तो वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी म्हणजे पाइपलाइन. टेस्ट चालवायच्या, इमेज बांधायची, ती रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ठेवायची, स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या ठिकाणी, चालवून बघायची आणि शेवटी प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापराच्या ठिकाणी, न्यायची. जेन्किन्स, गिटलॅब, गिटहब ॲक्शन्स ही हे काम करून घेणारी साधनं. प्रॉडक्शनवर जाण्याआधी कुणीतरी बटण दाबायचं असेल तर त्याला कंटिन्युअस डिलिव्हरी म्हणतात. तेही बटण काढून टाकलं आणि टेस्ट पास झालेला प्रत्येक बदल थेट प्रॉडक्शनला जाऊ लागला की ते कंटिन्युअस डिप्लॉयमेंट.

इमेज म्हणजे तुमचा कोड, त्याला लागणारं पायथन, लायब्ररी आणि सिस्टिमच्या फायली यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. ती इमेज चालवली की तयार होतो कंटेनर. कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नाही. लिनक्सवरची ती एक प्रोसेसच असते. तिला काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती मेमरी, किती सीपीयू घ्यावा हे सी-ग्रुप ठरवतात. या सोयी लिनक्समध्ये आधीपासून होत्या. डॉकरने त्यांच्याभोवती इमेज बांधण्याची आणि इकडून तिकडे नेण्याची सोपी रीत दिली.

दिवसातून अनेकदा डिप्लॉय करण्याचा अट्टाहास कशासाठी, असा प्रश्न बरेच मॅनेजर विचारतात. २००९ मध्ये जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकरमध्ये दिवसाला दहाहून अधिक वेळा डिप्लॉय कसं करतात हे एका परिषदेत सांगितलं, तेव्हा अनेकांना ते धाडसाचं वाटलं होतं. पण त्यामागचा हिशेब साधा आहे. महिनाभराचे साठलेले बदल एकदम गेले आणि साइट पडली, तर दोष नेमक्या कुठल्या बदलात आहे हे शोधायला रात्र जाते. एकच छोटा बदल गेला असेल तर संशयितही एकच असतो.

आधी वेळ कुठे जातो ते बघा

सुधारणेची सुरुवात नवं साधन आणण्यापासून करू नका. नुकतेच मर्ज झालेले काही बदल निवडा आणि प्रत्येकाचा प्रवास वेळेसकट लिहून काढा: पहिला कमिट कधी, रिव्ह्यू कधी मिळाला, रनर (पाइपलाइनच्या पायऱ्या चालवणारी मशीन) मिळेपर्यंत किती थांबावं लागलं, बिल्डला किती वेळ, टेस्टना किती, आणि मंजुरीच्या बटणापाशी किती. बऱ्याच टीमला या कागदावर दिसतं की मशीनचा वेळ थोडा आहे आणि वाट पाहण्याचा फार. बदल दोन दिवस रिव्ह्यूसाठी अडकत असेल तर बिल्ड बारा मिनिटांवरून सहावर आणून कुणाच्याच आयुष्यात फरक पडत नाही. रिव्ह्यू रखडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे अवाढव्य पुल रिक्वेस्ट (रिव्ह्यूसाठी एकत्र पाठवलेले बदल), आणि त्यावर उपाय टीमच्या सवयीतच आहे.

थरांचा खेळ

बिल्ड खरंच हळू असेल, तर दोष बहुतेक वेळा डॉकरफाइलमधल्या ओळींच्या क्रमात सापडतो. डॉकरफाइल ही इमेज बांधायची कृती. फायली कॉपी करणाऱ्या किंवा कमांड चालवणाऱ्या प्रत्येक ओळीतून फायलींचा एक थर तयार होतो, त्याला लेयर म्हणतात. आधीच्या ओळीचा थर खाली, नंतरच्या ओळीचा वर. पुढच्या बिल्डमध्ये जे थर बदलले नाहीत ते पुन्हा वापरले जातात, पण एक थर बदलला की त्याच्या वरचे सगळे नव्याने बांधावे लागतात. कपाटातल्या साड्यांच्या चळतीसारखं हे आहे: वरची साडी अलगद निघते, तळातली ओढली की वरच्या सगळ्या पुन्हा रचाव्या लागतात.

त्यामुळे क्वचित बदलणाऱ्या गोष्टी तळाशी आणि रोज बदलणाऱ्या वर ठेवायच्या. हमखास दिसणारी चूक अशी: आधी अख्खा प्रोजेक्ट इमेजमध्ये कॉपी करायचा, मग लायब्ररी इन्स्टॉल करायच्या. यात रीडमी फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवल्या जातात. त्याऐवजी आधी फक्त लायब्ररींची यादी असलेली फाइल कॉपी करा, लायब्ररी इन्स्टॉल करा आणि त्यानंतर उरलेला कोड आणा. यादी बदलली नाही तर इन्स्टॉलचा थर तयारच असतो. जोडीला डॉकर-इग्नोर फाइल ठेवा, म्हणजे गिटचा इतिहास, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि मुख्य म्हणजे पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल बिल्डमध्ये शिरणारच नाही.

हे सगळं लॅपटॉपवर झटकन चालतं आणि पाइपलाइनमध्ये मात्र हळूच राहतं, अशी तक्रार नेहमी येते. कारण पाइपलाइनमधला रनर बहुतेकदा दर वेळी कोरी मशीन असते, तिच्याकडे आधीचे थर नसतात. डॉकरच्या बिल्डकिट या इंजिनला कॅश, म्हणजे आधी बांधलेले थर, रजिस्ट्रीतच ठेवायला आणि पुढच्या वेळी तिथून घ्यायला सांगता येतं. हे एक सेटिंग लावलं नाही तर ओळींच्या क्रमावर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. बेस इमेज, म्हणजे जिच्यावर तुमची इमेज बांधली जाते तीही, दर वेळी बाहेरून ओढू नका. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीने निनावी आणि मोफत खात्यांवरच्या डाउनलोडना मर्यादा घातल्या, आणि अनेकांच्या पाइपलाइन कोडमध्ये काहीही चूक नसताना लाल, म्हणजे अपयशी, होऊ लागल्या. लागणाऱ्या बेस इमेज आपल्या रजिस्ट्रीत आणून ठेवल्या की ही कटकट मिटते.

इमेजचा आकारही पाहा. २०१७ मध्ये डॉकरमध्ये मल्टि-स्टेज बिल्ड आलं, तेव्हापासून कंपायलर आणि बिल्डची साधनं पहिल्या टप्प्यात ठेवून अंतिम इमेजमध्ये फक्त तयार झालेल्या फायली नेता येतात. इमेज लहान झाली की नव्या मशीनवर ती लवकर उतरते, आणि सुरक्षेच्या स्कॅनमध्ये दाखवायला तिच्यात सामानही कमी असतं. त्या नादात डोळे मिटून अल्पाइन ही अगदी छोटी लिनक्स इमेज निवडू नका. तिच्यात नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल ही वेगळी लायब्ररी असते. पायथनची काही पॅकेजं तिच्यासाठी तयार मिळत नाहीत आणि ती कंपाइल करण्यात वाचवलेला वेळ निघून जातो. पायथनच्या ॲपला बहुतेकदा डेबियनवर आधारलेली 'स्लिम' इमेज बरी.

थरांची दुसरी बाजू धोक्याची आहे. एका ओळीत पासवर्डची फाइल कॉपी केली आणि पुढच्या ओळीत पुसली, तरी खालच्या थरात ती असतेच. इमेज हाती आलेला कुणीही ती काढू शकतो. टेस्ट किती कोडपर्यंत पोचल्या हे मोजून देणाऱ्या कोडकोव्ह या सेवेला २०२१ मध्ये याच भागातली चूक भोवली. त्यांच्या डॉकर इमेज तयार करण्याच्या पद्धतीतल्या त्रुटीतून हल्लेखोरांनी एक क्रेडेन्शियल मिळवलं आणि त्याच्या जोरावर कंपनीची अपलोड स्क्रिप्ट बदलली. ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला लक्षात येईपर्यंत ती स्क्रिप्ट ग्राहकांच्या पाइपलाइनमध्ये चालत होती आणि तिथले टोकन, पासवर्ड बाहेर पाठवू शकत होती. बिल्डच्या वेळी गुप्त माहिती लागलीच तर बिल्डकिटची सीक्रेट माउंट ही सोय वापरा. त्यात ती फाइल कुठल्याही थरात उरत नाही.

पाइपलाइनमध्ये वापरलेली दुसऱ्यांची साधनं हाही तुमच्याच घराचा दरवाजा आहे. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या 'टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स' या लोकप्रिय ॲक्शनचे (पाइपलाइनमधल्या तयार पायरीचे) जुने टॅग, म्हणजे आवृत्त्यांची नावं, हल्लेखोरांनी घातक कोडकडे वळवले. ही ॲक्शन २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरींमध्ये वापरली जात होती. घातक कोड पाइपलाइनमधली गुपितं थेट बिल्डच्या लॉगमध्ये छापत होता. रिपॉझिटरी सार्वजनिक असेल तर तो लॉग कुणालाही वाचता येत होता. ज्यांनी टॅगऐवजी तपासलेल्या कमिटचा पूर्ण हॅश (त्याच्या आशयावरून काढलेली ओळख) लिहिला होता, ते वाचले. आणि क्लाउडच्या कायमच्या किल्ल्या पाइपलाइनमध्ये ठेवण्याऐवजी ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीने मिळणारं, थोड्या वेळात संपणारं टोकन वापरलं, तर चोरलेल्या टोकनाचा उपयोगही थोडाच वेळ होतो.

एकदाच बांधा

आता मुख्य मुद्दा. स्टेजिंगसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी त्याच कोडचं दुसरं बिल्ड, ही पद्धत मी पूर्णपणे बंद करायला सांगेन. दोन बिल्डच्या मधल्या तासाभरात एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, बेस इमेज बदलली, तर प्रॉडक्शनवर जे गेलं ते कुणी तपासलेलंच नसतं. कोड तोच आहे म्हणून इमेज तीच असते असं नाही. मर्ज झाल्यावर इमेज एकदाच बांधायची, तिच्यावर टेस्ट चालवायच्या, आणि मग तीच इमेज स्टेजिंगवरून प्रॉडक्शनला न्यायची.

'तीच' हे ओळखायचं कसं? इमेजला टॅग असतो, उदाहरणार्थ 'लेटेस्ट' किंवा '२.४'. टॅग ही फक्त चिकटवलेली चिठ्ठी असते. आज या इमेजवर, उद्या दुसऱ्या इमेजवर. प्रत्येक इमेजला डायजेस्टही असतो. तो तिच्या आशयावरूनच काढलेला एसएचए-२५६ हॅश असतो, आणि आतला एक बाइट बदलला तरी तो बदलतो. प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताना डायजेस्ट लिहा.

टॅगवर विसंबल्याने काय होतं ते बघण्यासारखं आहे. कुबरनेटीसमध्ये टॅग 'लेटेस्ट' सोडून दुसरा काही असेल, तर मुळातला नियम असा की इमेज मशीनवर आधीच असली तर पुन्हा ओढायची नाही. आता कुणी '२.४' हाच टॅग नव्या इमेजवर लावून पुन्हा पुश केला. ज्या मशीनवर जुनी '२.४' होती ती जुनाच कोड चालवत राहील, नव्याने जोडलेली मशीन नवा कोड ओढेल. डॅशबोर्डवर सगळीकडे '२.४' दिसेल. आठव्या सर्व्हरचा प्रश्न कंटेनरमध्ये असा परत येतो. रजिस्ट्रीत टॅग अपरिवर्तनीय करण्याची सोय असते, ती आजच चालू करा.

एकच इमेज सगळीकडे न्यायची तर डेटाबेसचा पत्ता, बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या अशा ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी इमेजबाहेर, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये हव्यात. सर्व्हरवरच्या कोडला हे सोपं जातं. अडचण येते रिॲक्टसारख्या फ्रंटएंडला. तिथे एपीआयचा (माहिती देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टच्या फायलींमध्ये कोरला जातो, आणि म्हणून लोक प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं बिल्ड करतात. त्यावर मार्ग आहे: पत्ता एका छोट्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा, ती कंटेनर सुरू होताना तयार करा आणि ब्राउझरला ती आधी वाचायला लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्याने स्टेजिंगवरची तपासणी खरी ठरते.

टेस्टबद्दल थोडक्यात. कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट ही नसलेल्या टेस्टपेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे 'पुन्हा चालवून बघ' ही सवय लागते आणि मग खरी चूकही पुन्हा चालवूनच पुढे ढकलली जाते. अशी टेस्ट लगेच बाजूला काढा आणि दुरुस्त करूनच परत आणा. आणि प्रॉडक्शनवर पोस्टग्रेस असेल तर टेस्टही पोस्टग्रेसवरच चालवा. पाइपलाइनमध्ये त्याचा कंटेनर काही सेकंदांत उभा राहतो, मग एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर समाधान कशाला मानायचं?

वापरणाऱ्याला न कळता बदल

कुबरनेटीसमध्ये ॲपच्या चालणाऱ्या प्रतींना पॉड म्हणतात. नवी इमेज आली की सगळे पॉड एकदम बदलत नाहीत, थोडे थोडे बदलतात. सेटिंग बदललं नाही तर नियम असा: जास्तीत जास्त २५ टक्के पॉड जादा उभे करायचे आणि जास्तीत जास्त २५ टक्के कमी पडू द्यायचे. चार पॉड असतील तर या काळात किमान तीन चालू असतात आणि कमाल पाच.

नवा पॉड तयार झाला हे कुबरनेटीसला कसं कळतं? तुम्ही सांगितलं तरच. रेडिनेस प्रोब म्हणजे 'तू आता विनंत्या घेऊ शकतोस का' हा ठरावीक वेळाने विचारलेला प्रश्न. तो लावला नसेल तर कंटेनर सुरू झाला की लगेच त्याच्याकडे लोक पाठवले जातात, मग ॲप अजून डेटाबेसशी जोडणी करत का असेना. लाइव्हनेस प्रोब वेगळा. त्याचं उत्तर चुकलं तर कंटेनर मारून पुन्हा सुरू केला जातो. काही टीम लाइव्हनेसमध्येच डेटाबेसची तपासणी घालतात. मग डेटाबेस जरा मंदावला की सगळे पॉड एकाच वेळी मरून पुन्हा उठतात आणि आधीच दमलेल्या डेटाबेसवर नव्या जोडण्यांचा लोंढा येतो. लाइव्हनेसने फक्त ती प्रोसेस अडकली आहे का एवढंच पाहावं.

डिप्लॉयच्या वेळी काही लोकांना ५०२ हा सर्व्हरकडून उत्तर न मिळाल्याचा एरर दिसतो, मग आपोआप बरं होतं, म्हणून दुर्लक्ष केलं जातं. याचं मूळ बहुधा जुना पॉड बंद होण्यात असतं. बंद करताना प्रोसेसला सिगटर्म हा इशारा मिळतो आणि मुळातल्या नियमानुसार ३० सेकंदांची मुदत. त्यात ती थांबली नाही तर सक्तीने मारली जाते. दोन गोष्टी इथे बिघडतात. डॉकरफाइलच्या शेवटी चालवायची कमांड यादीच्या रूपात न लिहिता साध्या ओळीत लिहिली, तर मध्ये शेल येतो, आणि अनेकदा सिगटर्म त्या शेलपाशीच अडकतो, ॲपला कळतच नाही. दुसरं, सिगटर्म देणं आणि पॉडचं नाव वाहतुकीच्या यादीतून काढणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात. ॲप तत्परतेने बंद झालं, पण यादी सगळीकडे पोचायची होती, म्हणून तेवढ्यात काही विनंत्या बंद दारावर येतात. बंद होण्याआधी प्री-स्टॉप हुकमध्ये काही सेकंद थांबायला सांगितलं की हे ५०२ नाहीसे होतात. इतकी छोटी दुरुस्ती आणि इतका मोठा फरक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

पाइपलाइनने नुसती आज्ञा देऊन हिरवं होऊ नये, हेही इथेच सांगतो. कुबरनेटीसने आज्ञा स्वीकारली याचा अर्थ पॉड उभे राहिले असा होत नाही. नवे पॉड उभे राहिले नाहीत तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांनी डिप्लॉयमेंट अपयशी अशी खूण होते, पण कुबरनेटीस आपण होऊन जुन्यावर परत जात नाही. पाइपलाइनने रोलआउट, म्हणजे पॉड बदलण्याचं काम, पूर्ण होईपर्यंत थांबायला हवं आणि नाही झालं तर लाल व्हायला हवं.

सगळीकडे एकदम न जाता आधी थोड्या लोकांवर नवी आवृत्ती चालवून पाहायची, याला कॅनरी डिप्लॉयमेंट म्हणतात. ते न करण्याची किंमत १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष कंटेंट फाइल जगभरच्या विंडोज मशीनवर एकदम गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर ८५ लाख मशीन बंद पडल्या होत्या, आणि त्यांतल्या असंख्य मशीनपाशी माणसाने जाऊन बसावं लागलं. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो कंटेनरचा मामला नव्हता, पण त्यानंतर कंपनीने जाहीर केलेला उपाय हाच होता: अशा फायलीही टप्प्याटप्प्याने सोडायच्या. तुमच्या ॲपसाठी पाच टक्के वाहतूक दहा मिनिटं नव्या आवृत्तीकडे वळवणं, चुकांचं प्रमाण आणि उत्तराचा वेळ जुन्या आवृत्तीशी ताडून पाहणं आणि बिघडलं तर आपोआप थांबणं पुरेसं आहे. वाहतूकच तुरळक असेल तर मात्र पाच टक्क्यांतून काही कळत नाही. अशा छोट्या ॲपने कॅनरीच्या मागे न लागता चांगल्या रेडिनेस प्रोबवर कष्ट घ्यावेत.

डेटाबेसपाशी सगळे अडतात

मागे येण्याचा खरा अडथळा डेटाबेसमध्ये असतो. इमेज बदलून जुनी लावता येते, पण काढून टाकलेला कॉलम परत येत नाही. शिवाय पॉड हळूहळू बदलत असताना जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर एकाच वेळी चालतात. त्यामुळे डेटाबेसची रचना प्रत्येक क्षणी दोन्ही आवृत्त्यांना चालेल अशी हवी.

समजा, ग्राहकांच्या टेबलमधल्या 'फोन' या कॉलमचं नाव 'मोबाइल' करायचं आहे. सरळ नाव बदललं तर त्या क्षणी जुने पॉड कोसळतील. म्हणून आधी 'मोबाइल' हा रिकामा चालणारा नवा कॉलम जोडायचा. मग असा कोड डिप्लॉय करायचा जो दोन्हीकडे लिहितो, पण वाचतो जुन्यातून. मग जुनी माहिती थोड्या थोड्या ओळी करून नव्या कॉलममध्ये भरायची. त्यानंतर वाचन नव्यातून, मग जुन्यात लिहिणं बंद, आणि काही दिवस सगळं सुरळीत गेल्यावर शेवटी जुना कॉलम काढायचा. जँगो वाचताना मॉडेलमधल्या सगळ्या कॉलमांची नावं घेतो, म्हणून मॉडेलमधून कॉलम काढलेला कोड सगळीकडे पोचल्यानंतरच टेबलमधून तो काढता येतो. हे लांबलचक वाटतं, आणि आहेच. पण यातल्या शेवटच्या पायरीआधीपर्यंत प्रत्येक पायरीवरून एक पाऊल मागे येता येतं. नुसतं नाव आवडलं नाही म्हणून एवढा खटाटोप करावा का, हाही प्रश्न टीमने स्वतःला विचारावा.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक सापळा आहे. टेबलची रचना बदलणाऱ्या बहुतेक आज्ञांना त्या टेबलवर सर्वांत कडक लॉक लागतं. एखादी रिपोर्टची क्वेरी आधीच त्या टेबलवर चालू असेल तर मायग्रेशन, म्हणजे रचना बदलण्याचं काम, तिच्यामागे थांबतं, आणि मायग्रेशनच्या मागे बाकी सगळ्या साध्या क्वेरी. मिलिसेकंदांचा बदल असा साइट बंद पाडतो. मायग्रेशनला लॉक टाइमआउट लावा, म्हणजे काही सेकंदांत लॉक मिळालं नाही तर ते स्वतःच माघार घेईल आणि नंतर पुन्हा प्रयत्न करता येईल. मोठ्या टेबलवरचा इंडेक्स कन्करंट पद्धतीने, म्हणजे टेबलमध्ये लिहिणं न अडवता, बांधा. आणि प्रत्येक पॉड सुरू होताना मायग्रेशन चालवू नका. रोलआउटच्या आधी एक स्वतंत्र जॉब म्हणून एकदाच चालवा.

कोड प्रॉडक्शनवर जाणं आणि सुविधा लोकांना दिसणं या दोन घटना फीचर फ्लॅगने वेगळ्या करता येतात. मग सुविधा बंद करायला रोलबॅकही (आधीच्या आवृत्तीवर परत जाणंही) लागत नाही. फक्त प्रत्येक फ्लॅगला नवं नाव द्या, जुन्याचं नाव कधीही पुन्हा वापरू नका, आणि काम झालेला फ्लॅग त्याच्या मागच्या कोडसकट काढून टाका. पॉवर पेग नऊ वर्षं पडून राहिला होता.

हे सगळं बसवल्यावर रोलबॅकचा सराव करा, आणि तो साध्या मंगळवारी दुपारी करा, काही बिघडलेलं नसताना. प्रॉडक्शनवर आधीची इमेज लावा, किती मिनिटं लागली ते लिहा, मग पुन्हा पुढे या. कागदावर सोपं वाटणारं इथे अडतं. रात्री ड्युटीवर असणाऱ्याला प्रॉडक्शनचा अधिकारच नसतो. आर्गो सीडी किंवा फ्लक्स ही गिटमधल्या नोंदीप्रमाणे कुबरनेटीस ठेवणारी साधनं आपोआप जुळवणीवर लावली असतील तर हाताने लावलेली जुनी इमेज ते साधन गिटमध्ये पाहून पुन्हा नवी करून टाकतं, म्हणून रोलबॅकही गिटमधला बदल मागे घेऊनच करावा लागतो. आणि एक गोष्ट हमखास निसटते: कुबरनेटीस मुळात डिप्लॉयमेंटच्या मागच्या दहा आवृत्त्यांची नोंद ठेवतं, पण जागा वाचवायला रजिस्ट्रीत लावलेला सफाईचा नियम त्यांच्या इमेज आधीच पुसून टाकतो. मागे जाण्याची आज्ञा दिली जाते, नवा पॉड त्या डायजेस्टची इमेज मागतो आणि रजिस्ट्री सांगते, अशी इमेज नाही. सफाईच्या नियमातून प्रॉडक्शनवर गेलेल्या शेवटच्या दहा इमेज वगळा.